वहीचा जलप्रवास

आमच्या पणजोबांची एक वही आमच्या घरी आहे. 'आहे' म्हणावे की 'होती' म्हणावे, या विवंचनेत गेल्या वर्षीच्या जून महिन्यातले काही दिवस आम्ही काढले. त्याची ही हकीकत.

वही लांबट, जाड देशी कागदाची, खारव्याच्या लाल रुमालात बांधलेली. पणजोबा होळकर सरकारच्या एका जकात नाक्यावर कारकून होते. परंतु वही सरकारी नव्हे, घरची. तीत हिशेब आहेत, उसनवाऱ्या आहेत, लग्नमुंजींच्या याद्या आहेत आणि मधूनच चार-दोन ओळींत कुटुंबातील जन्ममृत्यू नोंदलेले आहेत. सारे मोडीत. एम.ए.ला असताना आम्ही मोडी शिकलो, तेव्हा वडिलांनी ती आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "बालबोधीत उतरून काढ." त्याला आता तेहतीस वर्षे झाली. प्रत्येक उन्हाळ्यात आम्ही रुमाल सोडला, चार पाने वाचली आणि मतदारयाद्या, पूरक परीक्षा, जनगणना यांपैकी काही ना काही उपटले की रुमाल पुन्हा बांधला. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकास सुटी असते, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सुखाने बाळगावी.

वडील गेले. वहीची दुसरी प्रत नाही. छायाचित्रे तरी काढून ठेवावीत, असे धाकट्या भावाने अनेकदा सुचविले होते. पण "उतरूनच काढतो आहे ना," असे म्हणून आम्ही त्यास गप्प केले. हे आरंभीच सांगितलेले बरे. पुढे जे घडले त्यात दोष कुणाचा, हे वाचकांना त्यावरून ठरविता येईल.

आमची कन्या पाच वर्षे नेदरलंड्समधील रॉटरडॅम शहरी नोकरीस होती. परदेशगमनाची खात्याची परवानगी, रजेची मंजुरी, व्हिसा असे एकेक दिव्य पार करून आम्ही उभयतां मे महिन्यात तिच्याकडे गेलो. चार आठवडे निवांत मिळणार, तेव्हा वही तेथेच पुरी करू, असा संकल्प करून ती सामानात बरोबर घेतली. पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी कन्येने सांगितले, की तिच्या कचेरीने तिची बदली आयर्लंडात, डब्लिनला केली आहे आणि महिनाअखेर घर हलवायचे आहे. आम्ही उतरलेल्या घराचे दिवस असे मोजलेले होते.

आता रॉटरडॅमहून डब्लिनला घरसामान जायचे कसे? नकाशा पाहिला तर मध्ये इंग्लंड आडवे पडलेले. पूर्वी मालमोटारी बोटीत चढून इंग्लंडात उतरत, ते बेट रस्त्याने ओलांडून वेल्समधील होलीहेड बंदरी पुन्हा बोटीत चढत आणि डब्लिनला पोहोचत. परंतु २०२१ च्या १ जानेवारीपासून ब्रिटन युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेतून बाहेर पडले आणि त्या वाटेवर कागदपत्रांच्या चौक्या उभ्या राहिल्या. म्हणून पुष्कळ माल आता इंग्लंडला वळसा घालून थेट समुद्रमार्गाने जातो. कन्येनेही तोच मार्ग धरला. पूर्ण कंटेनर भाड्याने घ्यावा एवढे तिचे सामान नव्हते. सहा घनमीटर भरले. तेव्हा चार-पाच घरांचे सामान मिळून एका डब्यात जायचे ठरले. आपल्याकडे ज्यास टेम्पोत भागीदारी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

कंटेनर या वस्तूविषयी आम्हांस तोवर कधी कुतूहल वाटले नव्हते. पीथमपूरहून न्हावाशेव्याला जाणारे ते रंगीत पोलादी डबे आम्ही आग्रा-मुंबई रस्त्यावर नित्य पाहतो आणि त्यांच्यामागे अडकलो म्हणजे चरफडतो. परंतु आपले काही त्यात जाऊ लागले म्हणजे माणूस जिज्ञासू होतो. हा डबा फार जुना नाही. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन मालमोटारवाल्याने १९५६ च्या २६ एप्रिल रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडले, तेव्हापासून या पद्धतीची गणना करतात. (त्याच वर्षी नोव्हेंबरात आमचे इंदूर मध्य भारतातून नव्या मध्य प्रदेशात गेले. तेही एक प्रकारचे स्थलांतरच. फक्त सामान हलले नाही.) पुढे १९६६ च्या मे महिन्यात त्याच कंपनीचे 'फेअरलंड' हे जहाज डबे घेऊन रॉटरडॅम आणि ब्रेमेन बंदरांस लागले आणि युरोपातील गोदी कामगारांच्या पिढीजात व्यवसायाला ओहोटी लागली. पूर्वी पोती, पिंपे, खोकी एकेक करून माणसे उचलीत आणि जहाज दिवसचे दिवस धक्क्यास लागून राही. आता डब्याच्या आठ कोपऱ्यांना आठ पोलादी ठोकळे असतात; यारी वरून येते, चार ठोकळ्यांत आपल्या खुंट्या फिरवून अडकविते आणि दोन-तीन मिनिटांत डबा उचलून नेते. आत झुंबर आहे की झाडू, यारीला त्याचे काही नाही.

यातही युरोपची म्हणून एक खोड आहे. तिकडे माल लाकडी फळकुटांच्या ठरावीक मापाच्या चौकटीवर रचतात. ते माप १२० बाय ८० सेंटिमीटर. जगभर चालणारा नेहमीचा डबा आतून सुमारे २३५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे अशा दोन चौकटी लांबीच्या बाजूने शेजारी ठेवायच्या तर पाच सेंटिमीटर कमी पडतात. पाच सेंटिमीटर म्हणजे काय, तीन बोटे! परंतु त्या तीन बोटांपायी युरोपीय बंदरांमधल्या वाहतुकीसाठी थोडे रुंद असे ४५ फुटी डबे निराळे करावे लागले. त्यांत ३३ चौकटी बसतात, म्हणजे तिकडच्या मोठ्या मालमोटारीत बसतात तेवढ्याच. हे सर्व आम्हांस कन्येच्या जावक-प्रतिनिधीने, म्हणजे सामान पाठविणाऱ्या दलालाने, दूरध्वनीवर समजाविले. मनुष्य हौशी होता. फार हौशी माणसे कामात ढिली असतात, असा आमचा शाळेतला अनुभव आहे.

बांधाबांधीला दोन माणसे आली. त्यांतला वयस्क गृहस्थ वर्णाने आपल्यासारखा, नाव हिंदू. पण डच सफाईने बोलणारा. सौभाग्यवतीने आमच्याशी मराठीत काही म्हटले तसा तो थबकला आणि भोजपुरीच्या वळणाच्या एका गोड बोलीत त्याने विचारले, की आपण हिंदुस्थानचे का? तो मूळचा सुरीनामचा. १८७३ साली 'लाला रूख' नावाचे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या त्या डच वसाहतीत गेले आणि मागून आणखी कितीतरी जहाजे गेली. त्यांतल्या कुठल्या तरी जहाजावर याचे पूर्वज होते. गेल्या शतकात त्यांतली अनेक कुटुंबे हॉलंडात येऊन राहिली. आमच्या हिंदीत आणि त्याच्या बोलीत संभाषण उत्तम चालले. घरात ते लोक तीच बोली बोलतात, पण नातवंडे डचमध्ये उत्तर देतात, असे तो म्हणाला. आम्ही काही बोललो नाही. इंदुरात आमच्या पुतण्यांची मुले आम्हांस कोणत्या भाषेत उत्तर देतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि आतल्या वस्तूंची यादी. पुरणयंत्र, मोदकपात्र, पोळपाट यांना त्यांनी 'स्वयंपाकाची भांडी' म्हणून एकत्र निकालात काढले. विळीपाशी मात्र दुसरा तरुण अडला. ती उलगडून त्याने दोनदा पाहिली, आमच्या सौभाग्यवतीने तीवर बसून दाखविले, आणि अखेर त्याने यादीत जे लिहिले त्याचा अर्थ 'बैठक असलेली सुरी' असा होता. विळीची इतकी चोख व्याख्या आम्ही एकाही मराठी शब्दकोशात पाहिलेली नाही.

दुपारी चारला गाडी गेली. रात्री आठला आम्ही वही शोधू लागलो.

ती टेबलावर होती, रुमालासकट, कन्येच्या पुस्तकांशेजारी. पुस्तके गेली होती. टेबलही गेले होते. यादी काढून पाहिली: खोके क्रमांक १७, 'पुस्तके व कापड'. ते कापड म्हणजे आमच्या पणजोबांचा रुमाल.

दुसऱ्या दिवशी कन्येने दलालास विचारले. तो म्हणाला, की सामान गोदामातून डब्यात भरले गेले, दाराला मोहोर लागली. आता एका खोक्यासाठी पाच घरांचे सामान बाहेर काढता येणार नाही. "काळजी नसावी, वही कुठे जात नाही," असेही म्हणाला. वस्तुतः ती डब्लिनला जात होती. आम्ही कन्येवर रागावलो, तिने टेबल रिकामे करायला आदल्या दिवशी दोनदा सांगितले होते हे ती बोलली नाही, आणि सौभाग्यवतीने ते बोलून दाखविले. त्या दिवशी जेवण फार शांततेत झाले.

पुढे प्रतीक्षा. डब्यातल्या पाचांपैकी एका घराचे कागद अपुरे, म्हणून डबा नेमक्या जहाजाला चुकला आणि एक आठवडा यार्डात पडून राहिला. कागदांचा विषय निघाला तेव्हा दलालाने एक गोष्ट सांगितली, ती आम्ही अजून विसरलो नाही. नेदरलंड्स आणि आयर्लंड दोन्ही युरोपीय संघातले; त्यांच्यात सीमाशुल्क नाही. रस्त्याने माल गेला तर कुणी विचारीत नाही. परंतु तोच माल जहाजावर चढून खुल्या समुद्रात गेला, की कायद्याच्या दृष्टीने तो संघाच्या हद्दीबाहेर गेला. आणि संघाच्याच दुसऱ्या बंदरात उतरताना तो प्रथमदर्शनी परका समजला जातो. आपण घरचेच आहोत, याचा दाखला मालाने आणावा लागतो. त्या दाखल्यास 'टी-टू-एल' म्हणतात. मात्र ठरावीक बंदरांतच नेमाने ये-जा करणाऱ्या आणि सीमाशुल्क खात्याने तशी मान्यता दिलेल्या जहाजसेवेतून माल गेला तर दाखला लागत नाही. आमचा डबा तशाच सेवेतून जायचा होता.

मूळनिवासी प्रमाणपत्रांसाठी लागणाऱ्या शाळेच्या दाखल्यांवर आम्ही गेली कित्येक वर्षे सह्या करीत आलो आहोत. आमच्या घराण्याने घाट आणि नर्मदा ओलांडून दोन शतके झाली. पुण्यात लग्नकार्याला गेलो तर यजमानांपैकी कुणी तरी "तुमचं मराठी अगदी छान आहे हो," म्हणून कौतुक करतोच. आणि इंदुरात परगावचा नवा अधिकारी आला तर "आप तो महाराष्ट्र से हैं" म्हणून विचारपूस करतो. समुद्रावर गेले की माल परका होतो, हे कलम वाचून युरोपीय लोकांना नवल वाटत असेल. आम्हांस वाटले नाही.

रिकाम्या घरात वाचायला पुस्तक नव्हते, म्हणून आम्ही कन्येच्या संगणकावर वाचू लागलो आणि वाचू नये ते वाचले. २००७ च्या १८ जानेवारीस 'एम.एस.सी. नेपोली' हे डबेवाहू जहाज बेल्जियमच्या अँटवर्पहून पोर्तुगालच्या सिनेस बंदराकडे जात असता इंग्लिश खाडीतल्या वादळात त्याचा सांगाडा तडकला. सव्वीस खलाशांना हेलिकॉप्टरांनी वाचविले. जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आणून टेकविले आणि त्याचे काही डबे ब्रँस्कोम नावाच्या गावच्या पुळणीवर लागले. लोक लांबून लांबून आले आणि नव्या कोऱ्या मोटारसायकली ढकलत घेऊन गेले. त्या डब्यांत दक्षिण आफ्रिकेस निघालेल्या एका स्वीडिश कुटुंबाचे घरसामानही होते. ते अनोळखी माणसे उपसताना त्या बाईंनी दूरदर्शनवर पाहिले. पुढच्या चौकशीत असे आढळले, की डेकवरचे जे ६६० डबे कोरडे राहिले होते व तोलता आले, त्यांतल्या १३७ डब्यांची वजने जाहीर केलेल्या वजनांशी तीन टनांहून अधिक फरकाने जुळत नव्हती. पाठविणारा सांगेल ते वजन, असा तोवरचा व्यवहार होता! भरलेल्या डब्याचे वजन तपासून प्रमाणित केल्यावाचून तो जहाजावर घेऊ नये, हा नियम साऱ्या जगात २०१६ च्या १ जुलैपासून आला. नऊ वर्षे लागली. परीक्षा सुधारायला आपल्याकडे किती लागतात, याचा विचार करता ती फार नव्हेत.

दुसरी गोष्ट रॉटरडॅमच्या जवळची. २०१९ च्या नववर्षाच्या रात्री 'एम.एस.सी. झोई' हे प्रचंड जहाज सिनेसहून जर्मनीच्या ब्रेमरहाफनकडे जाताना डच बेटांच्या उत्तरेस वादळात सापडले आणि त्यावरचे ३४२ डबे समुद्रात गेले. टर्शेलिंग, फ्लीलांट या बेटांच्या किनाऱ्यांवर खेळणी, पादत्राणे, दूरदर्शन संच यांचे ढीग लागले. ते उपसायला गावकऱ्यांबरोबर सैनिक आले. हे वाचल्यावर आम्ही संगणक मिटविला आणि कन्येला विचारले, की आपला डबा डेकवर असेल की पोटात? तिने प्रामाणिकपणे सांगितले, "बाबा, ते मला कसं कळणार?"

निदान डबा कोठे आहे ते कळावे, म्हणून दलालाने त्याचा क्रमांक धाडला होता. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला तर 'असा डबा नाही' असे उत्तर आले. दोन दिवस हेच. डबाच नाही म्हणजे काय? कन्येचाही चेहरा उतरला. तेव्हा आम्ही या क्रमांकाचीच चौकशी आरंभिली. प्रत्येक डब्यावर चार रोमन अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा असतो. हा शेवटचा आकडा शोभेचा नव्हे. तो आधीच्या दहा चिन्हांचा पहारेकरी आहे. प्रत्येक अक्षराला एक मूल्य दिलेले आहे, 'ए'ला दहा, 'बी'ला बारा (अकराच्या पटीतील संख्या मुद्दाम गाळल्या आहेत). पहिल्या चिन्हाला एकने, दुसऱ्याला दोनाने, तिसऱ्याला चाराने, असे दुप्पट करीत दहाव्याला पाचशे बाराने गुणायचे, सर्वांची बेरीज करून अकराने भागायचे. बाकी उरेल तो शेवटचा आकडा. बाकी दहा उरली तर शून्य.

आम्ही एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर हे गणित मांडले. मराठीचे एम.ए. असलो तरी पूर्वी गणिताच्या शिक्षकांच्या रजेत सातवीचे तास आम्हीच घेत असू. बाकी तीन यायला हवी होती, आठ आली. पुन्हा केले, आठ. मग शेजारशेजारचे आकडे उलटसुलट करून पाहिले आणि चौथ्या व पाचव्या आकड्यांची अदलाबदल करताच बाकी तीन आली. नवा क्रमांक कन्येने संकेतस्थळावर घातला. डबा होता! शहराकडच्या एमहाफन गोदीत उभा होता आणि गुरुवारी संध्याकाळच्या जहाजावर चढायचा होता. दलालाने घाईत आकडे उलटे लिहिले होते. त्याला कळविले, तेव्हा त्याने हसून क्षमा मागितली आणि ही चूक कशी शोधली म्हणून विचारले. कन्येने आमचे नाव सांगितले. तिने ते ज्या स्वरात सांगितले, त्यावरून टेबलाचे प्रकरण मिटले असावे, असे आम्हांस वाटले.

गुरुवारी आम्ही तिघे मेट्रोने हूक ऑफ हॉलंडला गेलो. रॉटरडॅमपासून समुद्रापर्यंत बंदरच बंदर सुमारे चाळीस किलोमीटर पसरले आहे, आणि १८७२ मध्ये वाहतुकीस खुला झालेला 'नवा जलमार्ग' नावाचा कालवा तेथे सागरास मिळतो. पलीकडे मासव्लाक्टे, समुद्रात भर घालून केलेली जमीन, तिच्यावर दैत्यांच्या माना उभारल्यासारख्या याऱ्या. या बंदरातून वर्षाला वीस फुटी मापाचे सव्वा कोटीहून अधिक डबे जातात-येतात. त्यांतल्या एकात सतरा क्रमांकाचे खोके.

उजेड तिकडे रात्री दहापर्यंत असतो. नऊच्या सुमारास एक मध्यम आकाराचे जहाज आले. कन्येने हातातल्या यंत्रावर नाव जुळवून "हेच" म्हणून सांगितले. महासागरावरची ती अजस्र जहाजे पाहिल्यावर हे अगदीच आपल्या नर्मदेच्या नावेसारखे वाटले. डेकवर चार-चार डब्यांच्या उतरंडी. आमचा त्यांत कोणता, ते कळण्याचा मार्ग नव्हता. सौभाग्यवतीने हात जोडले. जहाज डोव्हरच्या सामुद्रधुनीतून खाली उतरून, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला वळसा घालून आयरिश समुद्रात जाणार होते. वाट दोन-तीन दिवसांची.

आम्हांस तिच्या मागे जाता येत नव्हते. आमचा व्हिसा शेंगेन देशांचा. आयर्लंड त्या व्यवस्थेत नाही. त्याला स्वतंत्र व्हिसा हवा आणि रजा तर संपत आलेली. कन्या विमानाने डब्लिनला गेली, आम्ही इंदुरास परतलो. वही दाखल्यावाचून गेली आणि आम्ही राहिलो.

शाळा उघडून तिसऱ्या दिवशी कन्येचा दूरध्वनी आला. डबा उतरला होता, सामान घरी आले होते. डब्यातल्या कुण्या भागीदाराने बागेतल्या खुर्च्या पावसात भिजलेल्या तशाच भरल्या होत्या. बंद पोलादी डब्यात त्या पाण्याची वाफ छताला लागून पुन्हा ठिबकली आणि भोवतीची खोकी ओलावली. सतरा क्रमांकाचे खोके त्यांतलेच होते. तिने चित्रफीत चालू ठेवूनच ते उघडले. खारव्याचा रंग सुटून वरच्या दोन पुस्तकांच्या कडा लाल झाल्या होत्या. वही आतून कोरडी होती. फक्त शेवटची काही पाने एकमेकांस चिकटली होती.

"सोडवू का?" तिने विचारले. आम्ही जवळजवळ ओरडलोच. उन्हात ठेवू नकोस, इस्त्री फिरवू नकोस, टीपकागद घालून सावलीत उभी ठेव, बाकी काही करू नकोस. तिने तसे केले. तीन आठवड्यांनी चिकटलेल्या पानांतली बहुतेक आपोआप सुटली. दोन अजून तशीच आहेत आणि ती तशीच राहू द्यावीत, असे आम्ही ठरविले आहे.

वही परत पाठविते, असे ती म्हणत होती. आम्ही नको म्हटले. आता दर रविवारी सकाळी, तिकडची आठ आणि आमची साडेबारा-दीड वाजली म्हणजे, ती चार पानांची छायाचित्रे पाठविते आणि आम्ही ती बालबोधीत उतरवितो. धाकट्या भावालाही एक प्रत जाते. त्याने अद्याप एका शब्दानेही टोमणा मारलेला नाही, हे त्याचे मोठेपण. आतापर्यंत छप्पन्न पाने झाली. बहुतांशी हिशेब: तूप किती, ज्वारी किती, कुणाकडून किती येणे. एकेचाळिसाव्या पानावर देशाहून आलेल्या सामानाची याद आहे. पेटारा एक, ताम्हण दोन, जाते एक. आणि त्यापुढे नाक्यावर किती दाम द्यावे लागले त्याचा आकडा. शेजारी पणजोबांनी तीन शब्द लिहिले आहेत. त्यांतला पहिला 'नाहक' असा लागतो. उरलेल्या दोहोंवर शाई फुटली आहे. ते पान पुन्हा चांगल्या उजेडात टिपून पाठवायला कन्येला सांगितले आहे.